भुजंगकाकांची उसनी तबकडी

घनसावंगीच्या भुजंगकाकांनी हयातीत एकच तबकडी उसनी दिली, आणि ती मला दिली. यात माझ्या गाण्याच्या समजेचा वाटा किती आणि त्या दिवशी मी वाढलेल्या पुरणाच्या मांड्यांचा किती, हे पन्नास-बावन्न वर्षांनी सांगणं अवघड आहे. घरात मी मात्र समजेचंच सांगत आले. मांडे खाणारे आता कोणी उरले नाहीत, त्यामुळे कोणी खोडूनही काढत नाही.

भुजंगकाका म्हणजे माझ्या यजमानांच्या मावशीचे यजमान. जमीन भरपूर, मूलबाळ नाही, आणि माजघरात शिसवी पेटीत दोनशेच्या वर तबकड्या. नाटकातली पदं, ख्याल, ठुमऱ्या, सगळ्या एकेक करून जमवलेल्या आणि एकेका मांजरपाटाच्या पिशवीत घातलेल्या. ऐकायला कोणीही यावं, पण नियम होते. पटका-टोपी काढायची नाही. तोंडात पान असेल तर चावायचं नाही, गालात धरून बसायचं. चहा आधी किंवा नंतर. आणि तबकडी फिरत असताना एक अक्षर बोलायचं नाही. एकदा कडबा पेटल्याची बातमी घेऊन गडी धावत आला, तर काकांनी त्याला बोटानं दारातच थांबवलं. कडबा गेला, पण तान पुरी झाली.

मला दिलेली तबकडी यशोदाबाई पाटगावकर नावाच्या गायिकेची. एका बाजूला भीमपलासातलं नाटकातलं पद, नायिका कोणाची तरी वाट बघते आहे असं. दुसऱ्या बाजूला मालकंसातली चीज. तिची नाटक कंपनी बुडाली, नाटक कोणाच्या लक्षात राहिलं नाही, बाई पुढे कुठे गेली कोणास ठाऊक. पण साडेतीन मिनिटांत ती जे करून गेली ते करायला इतरांना रात्र लागते. समेच्या जरा आधी ती थांबायची. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एखादीनं पदर सावरावा, तेवढंच. मग सम यायची आणि मागून पेटीवाला हळूच म्हणायचा, "व्वा." तबकडी भरणाऱ्यांनी ते तसंच राहू दिलं होतं.

"त्यो 'व्वा' ऐकला का, सूनबाई?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "ऐकला. पण काका, तो तिला नाही म्हणत. ती चुकणार असं त्याला वाटलं होतं, ती चुकली नाही म्हणून स्वतःलाच म्हणतो."

काकांनी तबकडी उतरवली, पुसून पिशवीत घातली. मग पिशवीसकट तबकडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "घेऊन जा. नीट ऐक. आखाजीच्या सणानंतर दुसऱ्या शुक्रवारी मी जालन्याला येऊन राह्यलो, तवा माझ्यासमोर वाजवायची अन् परत द्यायची. जशी नेली तशी आली तर पुढली देतो. न्हाई आली, तर ही पेटी तुला बंद. ऐकायला बी यायचं न्हाई."

ही काही साधी धमकी नव्हती. जालन्यात माझ्याकडे माहेरून आलेला चावीचा फोनो होता आणि तबकड्या सात. त्यातल्या पाच सासूबाईंच्या भजनाच्या, एक इंग्रजी बॅन्डची, आणि एकीवर एक गृहस्थ कुत्र्यामांजरांचे आवाज काढत. गाणं म्हणून माझ्या आयुष्यात जे काही होतं ते घनसावंगीच्या त्या पेटीत होतं.

आम्ही तेव्हा नवीन जालन्यात, स्टेशनाच्या अलीकडच्या गल्लीत राहत होतो. लढाईचे दिवस. फोनोच्या पोलादी सुया बाजारातून नाहीशा झालेल्या. मी बाभळीचे काटे वापरायची. शेजारच्या जेठमलजींच्या कापसाच्या जिनिंगच्या कुंपणाला बाभळी होत्या, त्यांचे काटे तोडायचे, सावलीत वाळवायचे, तिरपे छाटायचे, एका बाजूला एक काटा. काट्यावर आवाज जरा दुरून येतो, पण मऊ येतो. आमच्या गल्लीतल्या बायका पुढे काट्यांच्या इतक्या जाणकार झाल्या की भाजी निवडावी तसे काटे निवडायच्या. "हा कोवळा है, तानेला मोडंल," असं समोरची झुंबरबाई सांगायची आणि बरोबर निघायचं.

तबकडी आणली आणि पहिला प्रश्न पडला, ठेवायची कुठे? खाली ठेवली तर उंदीर. खुंटीला अडकवली तर पडेल. मी विचार करून ती माळवदावरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली, सगळ्यांत उंच जागी. त्या खोलीवर पत्रे होते. वैशाखातले पत्रे. माझी गाण्याची समज चांगली होती, असं मी आधी म्हटलंच आहे. पत्र्यांच्या बाबतीत मी तसा दावा केलेला नाही.

चौथ्या दिवशी काढून बघते तर तबकडी तळणीतल्या पापडासारखी एका अंगानं वर आलेली. फोनोवर लावली तेव्हा काटा बसवलेली डबी होडीसारखी वर-खाली व्हायला लागली आणि उभ्या आयुष्यात सुराला न ढळलेली यशोदाबाई, अंबडच्या रस्त्यावर बैलांच्या दमणीत बसून गावं तशी हेलकावे खात गाऊ लागली. पेटीवाल्याचा "व्वा" तर "व्वा-आ-आ-ओ" असा आला. ऐकून सासूबाई म्हणाल्या, "पोट दुखून राह्यलं का त्याचं?"

आमच्या गल्लीत कोणाला काही झालं की वैद्याच्या आधी शेजारी यायचे. झुंबरबाई म्हणाली, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवा, नागवेलीची पानं ठेवतात तशी. सासूबाई म्हणाल्या, तांदळाच्या कणगीत घाला, तांदूळ ओढून घेतो. काय ओढून घेतो ते त्यांनी सांगितलं नाही. आणि बाजूचे जेठमलजी, त्यांच्या दारात कापसाचे गठ्ठे बांधले जायचे, त्यांचा आयुष्यभराचा एकच सिद्धान्त होता.

"बाईजी, दबाव," ते म्हणाले. "बारा मण रुई येवढी होऊन जाती, ही तर थाळी है. आमच्या प्रेसमध्ये द्या. दोन मिनिटात बराबर सीधी."

"सीधी होईल, जेठमलजी," मी म्हटलं, "पण गाईल का?"

"गाण्याचं मला मालूम न्हाई. सीधी होण्याची जिम्मेदारी माझी."

प्रेसला मी नाही म्हटलं. पण वजनाची कल्पना डोक्यात राहिली, हे कबूल करायला हवं. तबकडी जरा उन्हात धरून मऊ केली, दोन पाटांच्या मध्ये ठेवली आणि वर आमचा दगडी पाटा ठेवला. एवढ्यावर मी थांबले असते. पण जेठमलजींची बायको पानबाई बघायला आली आणि म्हणाली, "इत्तासाच वजन? लाजायला झालं." तिनं आपला वरवंटा आणून ठेवला. मग झुंबरबाईला आपलं काही नाही याचं वाईट वाटलं, तिनं लोखंडी खलबत्ता आणला. सासूबाईंनी घरच्या देवांपुढची सहाण आणून सगळ्यांत वर ठेवली, वजनासाठी नव्हे, गुण यावा म्हणून. दुपारपर्यंत माजघरात एक छोटं हेमाडपंती देऊळ उभं राहिलं होतं. येणारीजाणारी त्याला वळसा घालून जात होती, एकीनं तर चुकून नमस्कारही केला.

चार वाजता आतून "कट्" असा आवाज आला. इतक्या दगडांखालून इतका लहान आवाज. सुपारी फोडावी तेवढाच.

काठापासून मधल्या कागदी चकतीपर्यंत एक सरळ चीर, आणि काठावर नखाएवढी खपली निघालेली. बाकी, जेठमलजींनी म्हटल्याप्रमाणे, तबकडी बिलकूल सीधी झाली होती.

मी रडले की नाही हे आता आठवत नाही. सासूबाई म्हणायच्या, रडलीस. शुक्रवारला नऊ दिवस उरले होते.

आमचे हे तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून होते. जगातलं कोणतंही दुखणं दरखास्तीनं बरं होतं अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "पुण्याहून नवी मागवू." पण पुणं इंग्रजांच्या मुलखात आणि आम्ही निजामाच्या रियासतीत, बाहेरून माल आणायचा तर नाक्यावर जकात, आणि लढाईमुळे आधी परवानगी. हे नाक्यावर गेले. तिथले मुन्शी मोठे अदबशीर. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "किस चीज़ की मद में डालें? काच, कपडा, बाजा?"

"बाजा नव्हे, बाज्यावर वाजायची थाळी."

"उसमें आवाज़ है?"

"आहे."

"तो मज़मून लिख दीजिए, उर्दू में. लड़ाई का ज़माना है. कौन बोलता है, क्या बोलता है."

ह्यांनी घरी येऊन पदाचा उर्दू तर्जुमा केला. एक औरत शामपासून चिराग लावून कोणाची तरी वाट बघते आहे, आणि तो येत नाही. मुन्शींनी तो दोनदा वाचला. "कौन नहीं आया?"

"नाव नाही दिलेलं."

"नाम तो चाहिए, बद्रीनाथराव. सरकार पूछेगी, ये किसका इंतज़ार हो रहा है."

ह्यांनी मला विचारलं, ती कोणाची वाट बघते? मी म्हटलं, नायकाची. नायकाचं नाव काय? ते नाटक बघितलेलं माणूस अख्ख्या जालन्यात सापडलं नाही. शेवटी ह्यांनी अब्रूचा विचार करून "शौहर का इंतज़ार" असं लिहून दिलं. मुन्शींनी ते वाचून लेखणी खाली ठेवली. त्यांची बेगम चार महिन्यांपासून बिदरला माहेरी होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "दूसरी तरफ़ आता है क्या?"

दुसऱ्या बाजूला मालकंस होता हे सांगायचं ह्यांच्या जिवावर आलं. "येतो," हे म्हणाले. मुन्शींनी अर्ज तत्काळ वर पाठवला. मंजुरी आली, नाही असं नाही. दिवाळीनंतर आली.

इकडे पाच दिवस उरले. मी तबकडी मांडीवर घेऊन बसले होते, एखाद्या आजारी लेकरासारखी. पानबाई शेजारी बसली. तिनं ती निघालेली खपली उचलली, नखानं खरवडली, वास घेतला, आणि एकदम आपला हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत लाखेच्या बांगड्या.

"नंदाबाई," ती म्हणाली, "ही तर लाख है."

खपली बांगडीला लावून बघितली. खरंच की. तोच काळसर रंग, तीच चकाकी, दिव्यावर धरली तर तोच वास.

"बांगडी तडकली तर कचरूलाल जोडून देतो," पानबाई म्हणाली. "ही बी बांगडीच. जरा मोठी."

आता हे वाचून कोणी हसेल. पण त्या घडीला मला जगात याहून शहाणपणाचं बोलणं कोणी केलं आहे असं वाटलं नाही. आम्ही दोघी पदराखाली तबकडी घेऊन बाजारात कचरूलाल लखाऱ्याकडे गेलो. तो शेगडी पुढ्यात घेऊन लाखेच्या कांड्या वळत बसला होता. त्यानं तबकडी उजेडात धरली, टिचकी मारली, कानाला लावली.

"माल अच्छा है," तो म्हणाला. "बाई, पण मनगट केवढं असंल?"

पानबाईनं त्याला समजावलं की ही घालायची नाही, ऐकायची आहे. कचरूलालला त्यात फारसा फरक वाटला नाही. त्यानं चिरेला शेगडीची धग दिली, काजळी घातलेली काळी लाख कांडीनं भरली, लाकडी साच्यानं दाबली, ओल्या बोटानं गुळगुळीत केली. खपली तर अशी बसवली की जागा शोधावी लागावी. मी श्वास धरून बघत होते. मी कितीतरी गवई ऐकले आहेत, पण हात एवढा सुरात असलेला माणूस थोडाच पाहिला.

"ह्याच्यावर दोन खडे बसवू का?" त्यानं विचारलं. "शोभा येईल."

"नको, नको!"

"मंग चकतीवर एक. नजर लागू नये म्हणून." आणि मी नको म्हणेपर्यंत यशोदाबाईंच्या नावाच्या शेजारी एक हिरवा खडा बसला होता.

घरी येऊन लावली. पहिला सूर आला, सरळ, स्वच्छ, हेलकावा नाही. मी डोळे मिटले. आणि "टक्".

मग पुन्हा "टक्". दर फेऱ्याला काटा जोडावर चढायचा आणि उतरायचा. एका मिनिटात अठ्ठ्याहत्तर वेळा. यशोदाबाई वाट बघत होती आणि कोणीतरी दार ठोठावत होतं, न थांबता, आणि ही बाई उठून दार उघडत नव्हती. नायक कुठे अडकला ते त्या दिवशी मला कळलं.

"घड्याळ बसवलं का गं ह्याच्यात?" झुंबरबाईनं विचारलं.

कचरूलालकडे परत गेलो, तर तो म्हणाला, अजून घासली तर गाणंच घासलं जाईल. हे त्याचं म्हणणं खरं होतं. तीन दिवस उरले. मी ठरवलं की काकांना सगळं सांगून टाकायचं. मी स्वभावानं सरळ. पण सांगितलं की पेटी बंद. जशी नेली तशी आली नव्हती. तेव्हा मी पुन्हा ठरवलं की खोटं बोलायचं नाही, फक्त आपणहून विषय काढायचा नाही. ह्या दोहोंत किती अंतर आहे हे ज्यांनी सासरी दिवस काढले आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

तोड जेठमलजींनी काढली. "आवाज आहे ना? त्याला आवाजानं दाबा."

"म्हणजे?"

"मागच्या अंगणात काही तरी ठोका. त्याच तालात. पाहुण्यांना वाटंल, आवाज तिकडून येऊन राह्यला."

आणि पानबाई म्हणाली, "मिरच्या कांडायच्या तर हैतच."

वैशाखात घरोघर मिरच्या कांडतातच, त्यात संशय येण्यासारखं काही नव्हतं. उखळ एक, मुसळं दोन. एकटीनं अठ्ठ्याहत्तर ठोके मारणं कोणाला शक्य नव्हतं, म्हणून पानबाईनं एक मारायचा आणि झुंबरबाईनं दुसरा. दोन दिवस रिकाम्या उखळात तालीम झाली. तबकडी झिजू नये म्हणून मी तोंडानं "टक्, टक्" म्हणायची. सासूबाई मधल्या दारात उभ्या राहून हातानं लय धरायच्या, म्हणजे फोनोही दिसतो आणि उखळही. सुरुवातीला त्यांना ह्या सगळ्याची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी त्या झुंबरबाईला ओरडल्या, "तू पळून राह्यलीस! पानबाईला येऊ दे की!" तेव्हा मी ओळखलं की आता ही मैफल माझ्या हातची राहिली नाही.

शुक्रवारी दुपारी काकांची दमणी दारात थांबली. पाय धुणं झालं, चहा झाला, पटका नीट झाला. रियासतीत शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी, त्यामुळे जेठमलजी आणि ह्यांच्या कचेरीतले दोघे हटकून हजर. दाराशी कचरूलालही येऊन उभा होता. आपलं काम गातं कसं ते बघायला. तबकडी मी आधीच फोनोवर चढवून वर रुमाल टाकून ठेवला होता.

"लाव," काका म्हणाले.

मी रुमाल काढला, चावी भरली, काटा टेकवला आणि त्याच क्षणी मागच्या अंगणात पहिलं मुसळ पडलं.

काकांच्या कपाळाला आठी पडली. पण तबकडी फिरत होती. बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. पानबाई, झुंबरबाई, पानबाई, झुंबरबाई. टक् कुठला आणि मुसळ कुठलं, मलाच कळेना. इतकं जमलं होतं की अर्ध्या मिनिटानंतर काकांची आठी मिटली आणि गुडघ्यावर त्यांचं बोट हलायला लागलं. सासूबाई दारात डोळे मिटून हात हलवत होत्या. माझ्या मनात आलं, देवा, निभतंय.

पण तालमी रिकाम्या उखळात झाल्या होत्या.

आज उखळात दोन पायली लवंगी मिरची होती. वारा मागच्या अंगणातून आत येत होता. पहिली शिंक ह्यांची. मग कचेरीतल्या दोघांची, एकाच वेळी. जेठमलजींनी उपरण्यात तोंड खुपसलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. मागे झुंबरबाई एक मोठ्यानं शिंकली, पानबाई त्याहून मोठ्यानं, मग दोन्ही मुसळं धाडकन् पडली आणि दोघी पदर तोंडाला लावून मागच्या दारानं गल्लीत पळाल्या.

मिरच्या थांबल्या. आवाज थांबला नाही.

टक्. टक्. टक्.

आणि दारात माझ्या सासूबाई, डोळे मिटून, अजून लय धरून.

सगळे आधी त्यांच्याकडे बघायला लागले, मग फोनोकडे. पद संपायला दोन मिनिटं होती. मी पुढे होऊन पाय धरू शकत नव्हते, सांगू शकत नव्हते, फोनो बंद करणं तर मनातही आणू शकत नव्हते. भुजंगकाका ताठ बसले होते. त्यांचा चेहरा बीटाच्या रंगाचा झाला होता, मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, रागानं. मग कळलं की ते शिंक दाबताहेत. यशोदाबाई शेवटच्या तानेत होती. ती चढली, वळली, पायरीवर थांबली. काकाही थांबले. सम आली, पेटीवाला हळूच "व्वा" म्हणाला, आणि त्या "व्वा"च्या मागोमाग काका असे शिंकले की फोनोचं झाकण खाली पडलं.

मी काटा उचलला. काकांनी नाक पुसलं.

"तबलजी कोण है हा?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पत्रे, पापड, पाटा, वरवंटा, सहाण, मुन्शी, लाख, मिरच्या. सांगताना मध्ये कोणी हसलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते लक्षात यावं. काकांनी तबकडी उचलली, उजेडात धरली, जोडावरून अंगठा फिरवला. मग हिरव्या खड्याशी अंगठा थांबला.

"अन् हे?"

कचरूलालला राहवेना. तो पुढे आला. "ते नजरेसाठी, सरकार. जोड पक्का है. आता फुटली तर दुसऱ्या जागी फुटंल, ह्या जागी न्हाई."

काकांनी कोटाच्या खिशातून लाल पुठ्ठ्याची एक वही काढली, आणि पेन्सिल. कोणती तबकडी कुठे, कधी, कोणासोबत ऐकली ते ते लिहून ठेवत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते लिहायला लागले. आमचे हे पंचवीस जणांच्या फायली टेबलाच्या पलीकडून वाचत आलेले; उलटी अक्षरं त्यांना सुलटीपेक्षा लवकर कळत. ते माझ्या मागे उभे राहून पुटपुटत होते.

"मुक्काम जालना... गायन यशोदाबाई... लाख, कचरूलाल... ठेका..." हे थांबले.

"काय लिहिलं?"

"ठेका, मिरच्या. दोन मुसळं."

मग काकांनी हात आडवा धरला आणि आणखी एक ओळ लिहिली. ती ह्यांनाही दिसली नाही. वही मिटली.

"पुढली थाळी द्यायची बोली होती," काका म्हणाले आणि त्यांनी दमणीतून पिशवी मागवली. आतून मांजरपाटात गुंडाळलेली दुसरी तबकडी काढून माझ्या हातावर ठेवली.

मला वाटलं होतं, मला आनंद होईल. पण ही ठेवायची कुठे, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मी ती ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी वर, पत्र्यांच्या खोलीच्या दिशेनं बघितलं आणि ती सासूबाईंना दिली. सासूबाईंनी नवी सून पहिल्यांदा लेकरू घेते तशी घेतली आणि घाईघाईनं जेठमलजींना दिली. "दाबाची वस्तू असंल तर बोला," म्हणत त्यांनी ती कचेरीतल्या दोघांकडे सरकवली, तिथून ती कचरूलालकडे गेली, तो टिचकी मारायला लागला तेव्हा चार जण ओरडले. शेवटी सगळ्या खोलीभर फिरून ती काकांच्याच मांडीवर परत आली.

काकांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"मंग मलाच ऱ्हावं लागंल," ते म्हणाले.

ते आठ दिवस राहिले. तबकडी स्वतः सांभाळली, रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा लावली. दुपारी माठाजवळच्या कोनाड्यात ठेवून समोर आडवे व्हायचे. गल्ली ऐकायला येत होती, पान गालात धरून. मी तिच्यावरचं मुलतानीतलं गाणं सोळा वेळा ऐकलं. घनसावंगीला महिन्यातून एकदा, तेही सगळ्यांची जेवणं उरकून, दाराआडून ऐकणारी मी. आता रोज दोनदा, फोनोच्या शेजारी बसून. सासूबाईंच्या वाट्याला रोज आठ-दहा माणसांचा चहा आला आणि काकांना लागणारी शेंगदाण्याची चटणी.

नवव्या दिवशी दमणी जुंपली. काकांनी मुलतानी पिशवीत घातली. मग वरून हात खाली करून यशोदाबाई माझ्याकडे दिली.

"ही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, सूनबाई. हिला घनसावंगीला नेऊन उपेग न्हाई. तिथं तालात मुसळ धरणारं माणूस न्हाई." त्यांनी पटका सारखा केला. "तू आता तिकडं यायची दगदग करू नको. पुढल्या महिन्यापासून मीच येत जाईन. एकेक थाळी घेऊन. आठ-आठ दिवस."

दाराआडून सासूबाईंनी माझा पदर ओढला. "दाजींना सांग," त्या हळूच म्हणाल्या, "मिरच्या संपल्या म्हणून. आता पुढच्या वैशाखालाच."

मी सांगितलं नाही.